सीतेची वेणी म्हणजे बांडगूळ नव्हे
सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाच्या तोंडावर झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढरे तुरे लोंबू लागतात. ही सीतेची वेणी, आमरी म्हणजेच ऑर्किडचा एक प्रकार. अनेकजण तिला बांडगूळ समजून ओरबाडतात. पण ती झाडाचा रस पीत नाही. तिची मुळं पावसाचं पाणी अन् हवेतला ओलावा शोषतात. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावरची हबे आमरी मात्र जमिनीतल्या कंदातून उगवते. आमरीचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा नसतो. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. त्यामुळे जुनं झाड तुटलं, कंद उपटला की नवं रोप येणं अवघड. फूल पाहावं, फोटो काढावा. रोप जागेवरच राहू द्यावं.