दोन याद्या आणि आपला किनारा : मानवतावादी कायदा व मानवी हक्क यांचे अल्पमुदतीचे ऑनलाईन अभ्यासक्रम

दरवर्षी 1 जानेवारी रोजी भारत व पाकिस्तान यांच्यात दोन याद्यांची देवाणघेवाण होते. एका यादीत उभय देशांतील अणुप्रकल्पांची नोंद असते. दुसरीत परस्परांच्या तुरुंगांत असलेल्या नागरी कैद्यांची व मच्छीमारांची. पहिली यादी 31 डिसेंबर 1988 रोजी झालेल्या करारानुसार 1992 पासून दिली जाते. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करावयाचा नाही, असे या कराराने उभय देशांनी मान्य केले असून त्याच्या व्याख्येत तारापूरसारखी अणुवीज केंद्रे येतात. दुसरी यादी 21 मे 2008 च्या करारान्वये 1 जानेवारी व 1 जुलै अशी वर्षातून दोनदा दिली जाते. तारापूर आणि सातपाटी यांच्यामधील अंतर फार नाही; म्हणजे पालघरचा हा चिंचोळा किनारा दोन्ही याद्यांशी बांधला गेला आहे. ख्रिस्तसभा 1 जानेवारी हाच दिवस 1968 पासून जागतिक शांतिदिन म्हणून पाळते, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे.

या याद्या ज्या कायद्यांच्या आधारे समजून घ्याव्या लागतात, ते कायदे आता घरबसल्या शिकता येतात. वकील, शिक्षक, परिचारिका, पोलीस अधिकारी, पत्रकार, सहकारी संस्थांचे पदाधिकारी अशा व्यावसायिकांसाठी जगातील अनेक विद्यापीठे काही आठवड्यांचे ऑनलाईन अभ्यासक्रम चालवितात. त्यांचा आपल्या भागाशी काय संबंध, हे प्रथम पाहू.

दोन विषय येथे वेगळे ओळखले पाहिजेत. आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा हा युद्धकाळाचा कायदा होय. 1859 मध्ये सोल्फेरिनो येथील रणांगणावर जखमी सैनिकांचे हाल पाहून जिनिव्हाचे व्यापारी हेन्री ड्यूनांट व्यथित झाले. त्यातून 1863 मध्ये रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आणि 1864 मध्ये पहिला जिनिव्हा करार जन्मास आला. आज प्रमाण मानले जाणारे चार जिनिव्हा करार 12 ऑगस्ट 1949 चे आहेत. भारताने ते स्वीकारून 1960 मध्ये तसा कायदाही केला. परमपीठही या करारांत सहभागी आहे. मानवी हक्कांचा कायदा मात्र युद्ध असो वा शांतता, सर्वकाळ लागू असतो. 1948 चा वैश्विक जाहीरनामा हा त्याचा पाया. पोप तेविसावे जॉन यांनी 1963 च्या ‘पाचेम इन तेर्रीस’ या विश्वपत्रात मानवी हक्कांची सविस्तर मांडणी केली, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

समुद्रात पकडला गेलेला आपला खलाशी या दोहोंपैकी कोणत्या कायद्याखाली येतो? पुष्कळ जण त्याला युद्धकैदी समजतात. तसे ते नाही. तो नागरी व्यक्ती आहे व त्याला लागू होतो तो सागरी कायदा आणि मानवी हक्कांचा कायदा. संयुक्त राष्ट्रांचा 1982 चा सागरी कायदा करार भारताने 1995 मध्ये व पाकिस्तानने 1997 मध्ये मान्य केला आहे. त्याच्या 73 व्या कलमानुसार, अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीच्या नियमांचा भंग झाला तर, संबंधित देशांत तसा वेगळा करार नसल्यास, शिक्षा म्हणून कारावास देता येत नाही. योग्य तारण घेऊन बोट व खलाशी यांना त्वरित सोडावयाचे असते. हे क्षेत्र किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत पसरते. पहिल्या 12 मैलांतील प्रादेशिक समुद्राला मात्र हे कलम लागू नाही. त्यातच सर क्रीकचा सीमावाद अद्याप सुटलेला नाही. तेव्हा बोट नेमकी कोठे पकडली गेली, हा प्रश्न सर्वांत कळीचा ठरतो, आणि त्याचे उत्तर बहुधा पकडणाऱ्याच्याच नोंदवहीत असते.

2008 च्या करारातील दोन मुदती प्रत्येक मच्छीमार कुटुंबाला तोंडपाठ असावयास हव्यात. अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत दूतावासाच्या अधिकाऱ्यांना कैद्याची भेट मिळावी. आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटून शिक्षा पूर्ण झाल्यावर एक महिन्याच्या आत त्याला मायदेशी पाठवावे. प्रत्यक्षात काय घडते? 1 जानेवारी 2025 च्या यादीत पाकिस्तानने 217 भारतीय मच्छीमार, तर भारताने 81 पाकिस्तानी मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचे कळविले. त्याच वर्षी मे महिन्यात सीमेवर संघर्ष पेटला. 7 मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा जो सराव योजण्यात आला, त्यात महाराष्ट्रातून मुंबई व उरणसमवेत तारापूर पहिल्या वर्गात होते. तरीही 1 जुलै 2025 रोजी कैद्यांच्या याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत तेव्हा 193 मच्छीमार होते. तोफा चालल्या तरी कागद थांबला नाही. आम्हाला ही बाब लहान वाटत नाही.

डहाणू व तलासरी तालुक्यांतील अनेक आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोटीचा मालक एका राज्यात आणि खलाशाचे घर दुसऱ्या राज्यात, त्यामुळे अटकेची वार्ता पाड्यापर्यंत पोहोचण्यास विलंब होतो आणि राष्ट्रीयत्व सिद्ध करणारी कागदपत्रे जमविताना कुटुंबाची दमछाक होते. 6 नोव्हेंबर 2021 रोजी गुजरातच्या किनाऱ्याबाहेर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने ‘जलपरी’ या बोटीवर गोळीबार केला. त्यात वडराई येथील एक खलाशी मृत्युमुखी पडला. सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ‘सैगा’ या जहाजाच्या खटल्यात 1999 मध्येच सांगून ठेवले आहे की, बळाचा वापर शक्यतो टाळावा आणि अपरिहार्य झाल्यास तो आवश्यकतेपलीकडे जाऊ नये. ‘जलपरी’ प्रकरणी भारताने राजनैतिक निषेध नोंदविला. असा निषेध कोणत्या तत्त्वावर उभा असतो, हे मात्र कायदा ठाऊक असलेल्यालाच उमगते.

युद्धकाळातही मच्छीमार सर्वस्वी निराधार नसतो. एप्रिल 1898 मध्ये अमेरिका व स्पेन यांच्यातील युद्ध सुरू होताच अमेरिकी नौदलाने क्यूबाच्या ‘पाकेते हबाना’ व ‘लोला’ या दोन मासेमारी नौका पकडून विकून टाकल्या. युद्ध सुरू झाल्याची वार्ताही त्या खलाशांना नव्हती. 1900 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच नौदलाविरुद्ध निकाल दिला : किनाऱ्यालगत निमूटपणे मासेमारी करणाऱ्या नौका जप्त करू नयेत, हा राष्ट्राराष्ट्रांतील जुना दंडक आहे. हाच नियम 1907 च्या हेग करारात लेखी आला. हा खटला जगभरच्या विधी महाविद्यालयांत शिकविला जातो. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या सातपाटीच्या बंदरावर मात्र तो फारसा कोणी ऐकलेला नसावा!

आता अभ्यासक्रमांविषयी. बेल्जियममधील लुवेनच्या फ्रेंच भाषिक कॅथोलिक विद्यापीठाने एडएक्स या व्यासपीठावर मानवी हक्क व मानवतावादी कायदा यांवर स्वतंत्र अभ्यासक्रम उपलब्ध केले आहेत. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाचा मानवतावादी कायद्यावरील अभ्यासक्रम कोर्सेरावर आहे. 2007 मध्ये स्थापन झालेली जिनिव्हा अकादमी नोकरदार व्यावसायिकांसाठी ऑनलाईन लघु अभ्यासक्रम घेते; तेथे शुल्क आकारले जाते व प्रवेशही निवडीनेच मिळतो. आपल्या देशात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाने मानवी हक्कांवरील सहा महिन्यांचे प्रमाणपत्र देऊ केले आहे, तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विद्यार्थ्यांसाठी दोन आठवड्यांचे ऑनलाईन प्रशिक्षण घेतो. परदेशी व्यासपीठांवर व्याख्याने बऱ्याचदा विनामूल्य पाहता येतात, प्रमाणपत्रासाठी पैसे भरावे लागतात. नाव नोंदविण्यापूर्वी शुल्क व मुदत संबंधित संस्थेकडूनच तपासून घ्यावी.

या अभ्यासाने कोणी वकील होत नाही, हे स्पष्ट केलेले बरे. सनद वेगळी, प्रमाणपत्र वेगळे. तसेच, यांतील बहुतेक शिक्षण इंग्रजीतून आहे, ही मोठीच अडचण आहे. सोसायटीचा चिटणीस, ज्याच्याकडे खलाशाची बायको प्रथम धावत येते, तो बहुधा मराठी शाळेत शिकलेला असतो. म्हणून इंग्रजी जाणणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने अथवा वकिलाने अभ्यासक्रम पुरा करावा आणि त्याचे सार चारचौघांत मराठीत सांगावे, ही पद्धत आम्हाला अधिक उपयोगाची वाटते. वैश्विक जाहीरनाम्याचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. आरंभ तेथून करता येईल.

मराठीतून करता येण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजेच मराठीतही, तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. 1993 च्या कायद्यानुसार घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार पोहोचली पाहिजे, त्यानंतर आयोग चौकशी करू शकत नाही. आयोगाच्या शिफारशी बंधनकारक नसतात, तथापि शासनाला त्यांवर उत्तर द्यावे लागते. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार असो की प्रकल्पासाठी गाव सोडावे लागलेले अक्करपट्टी-पोफरणचे कुटुंब असो, अर्जावर घटनेची तारीख, ठिकाण आणि संबंधित कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती असाव्यात. खलाशाच्या बाबतीत त्याचे ओळखपत्र, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि बंदर सोडल्याचा दिवस यांची एक प्रत घरी ठेवूनच त्याने समुद्रावर जावे.