ट्रिएस्टच्या पायाखालची नदी

1841 सालचा एप्रिल. ट्रेबिचानो गावाबाहेर एका अरुंद विवराच्या तोंडाशी तुम्ही उभे आहात. खाली समुद्राकाठी ट्रिएस्ट, ऑस्ट्रियन साम्राज्याचं भरभराटीचं बंदर; आणि त्याला प्यायला पाणी पुरत नाही. पायाखालचं क्रास पठार चुनखडीचं. कितीही पाऊस पडो, भेगा तो गिळून टाकतात. अशा भूमीला जगभर ‘कार्स्ट’ म्हणतात, ते याच क्रासच्या जर्मन नावावरून.

पण या पठाराखालून एक नदी वाहते. ती गडप होते इथून पूर्वेला, श्कोत्स्यानला. तिथवर ती पाणी न मुरणाऱ्या खडकावरून वाहत येते; चुनखडी लागली की गुहेत शिरते. नाव रेका, म्हणजे नुसतं ‘नदी’. मला वाटतं, कोरड्या पठाराच्या कडेला राहणाऱ्यांना तिची दुसऱ्या कुठल्या नदीशी गल्लत होण्याची भीतीच नव्हती. तीसेक किलोमीटरांपलीकडे, एड्रियाटिकच्या काठी दुईनोजवळ, ती पुन्हा उजेडात येते. तिथे तिला रोमन लोक तिमावुस म्हणत. आज ती तिमावो.

शहराला पाणी मिळावं म्हणून तिची मधली वाट अँटोन लिंडनर नावाचा माणूस शोधतो आहे. मोठ्या पावसानंतर या विवरातून वारा घोंघावत बाहेर येतो, हे त्याने हेरलं. खाली पाणी चढतं म्हणूनच हवा वर ढकलली जाते! त्या वाऱ्याच्या भरवशावर खाणकामगार अकरा महिने खडक फोडत आहेत.

तुम्ही उतरू लागता. शिडीच्या पायऱ्या ओल्या, बुळबुळीत. खांदे दोन्हीकडे खडकाला घासतात. एक कपार संपते, दुसरी सुरू होते. मग अचानक हाताला भिंत लागत नाही. पायाखाली वाळू, अंधारात प्रचंड दालन, आणि वाहत्या पाण्याचा आवाज. तुम्ही सुमारे 329 मीटर खोल आहात. जगातल्या ज्ञात गुहांमध्ये ही आता सर्वांत खोल.

नदी सापडली, पण इतक्या खोलवरून पाणी उपसून शहराला पुरवणं शक्य नव्हतं. लिंडनर त्याच वर्षी वारला. ज्या माणसाने केवळ हवेवरून नदी ओळखली, त्याचं नाव भूगोलाच्या प्रत्येक पुस्तकात असायला हवं होतं.

रेका आणि तिमावो एकच आहेत का, हे पाहायला 1907 साली श्कोत्स्यानला पाण्यात लिथियमचा क्षार सोडला आणि तो तिमावोच्या झऱ्यांत सापडला. पुढे खुणा केलेले वाम मासेही तिकडे बाहेर पडले. 1929 साली झऱ्यांपाशी पाणीयोजना उभी राहिली आणि ट्रिएस्टच्या नळांना अखेर तिमावोचं पाणी आलं.