वृद्धाश्रम व स्मृतिभ्रंश देखभाल केंद्रांचे इमारत-वर्गीकरण

वृद्धाश्रम, सहाय्यित निवास आणि स्मृतिभ्रंश देखभाल केंद्रे यांच्या इमारती बांधकाम नियमांत कोणत्या वापरगटात मोडतात, हे ठरवण्याच्या पद्धतीला इमारत-वर्गीकरण म्हणतात. जिन्याची रुंदी, बाहेर पडण्याच्या मार्गांची संख्या, दरवाजांची रचना, अग्निशमन यंत्रणा आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या अटी या वर्गीकरणावरून ठरतात. भारतात त्याचा मुख्य आधार भारतीय राष्ट्रीय इमारत संहिता हा आहे. महाराष्ट्रात राज्याची विकास नियंत्रण नियमावली व अग्निसुरक्षा कायदा यांच्यामार्फत त्याची अंमलबजावणी होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यासारख्या स्थलांतरामुळे वृद्धांचे प्रमाण वाढलेल्या भागात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता

ही संहिता भारतीय मानक ब्युरो प्रसिद्ध करतो. पहिली आवृत्ती इ.स. १९७० मध्ये निघाली. त्यानंतर १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या. संहिता स्वतः शिफारसवजा आहे. राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था आपल्या नियमांत तिचा अंतर्भाव करते, तेव्हाच ती बंधनकारक ठरते.

संहितेच्या अग्नी व जीवसुरक्षेविषयीच्या चौथ्या भागात इमारतींचे वापरानुसार नऊ गट केलेले आहेत. त्यांना ‘ए’ ते ‘जे’ अशी अक्षरे असून मधले ‘आय’ गाळले आहे. निवासी इमारती ‘ए’ गटात, तर संस्थात्मक इमारती ‘सी’ गटात येतात. ‘सी’ गटाचे तीन उपगट आहेत. ‘सी-१’ मध्ये रुग्णालये व आरोग्यधाम येतात. ‘सी-२’ मध्ये वृद्ध, बालके व आजारातून उठलेले यांचा सांभाळ करणाऱ्या संस्था येतात. ‘सी-३’ मध्ये तुरुंग, सुधारगृहे आणि मनोरुग्णालये येतात. वृद्धाश्रमाचा उल्लेख ‘सी-२’ मध्ये नावानिशी आहे. स्मृतिभ्रंश देखभाल केंद्राचा मात्र वेगळा उल्लेख कोठेच नाही, आणि प्रत्यक्षातील बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

वर्गीकरणाचा प्रश्न

एखादी ज्येष्ठ नागरिकांची वसाहत, जिथे रहिवासी स्वतःच्या सदनिकेत राहतात, स्वतः स्वयंपाक करतात आणि हाक मारल्यास मदत मिळते, ती ‘ए’ गटातील साध्या सदनिकांच्या इमारतीपेक्षा वेगळी मानण्याचे फारसे कारण नसते. पुण्यातील ‘अथश्री’सारख्या वसाहती या प्रकारच्या आहेत. जेवण, आंघोळ, औषधे यांसाठी रोज मदत लागणारे रहिवासी असले की इमारत ‘सी-२’ कडे झुकते. अंथरुणाला खिळलेले रुग्ण व शुश्रूषा असेल, तर ती ‘सी-१’ च्या जवळ जाते.

स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती या शिडीवर नीट बसत नाही. ती अनेकदा चालती-फिरती असते, जिना उतरू शकते. परंतु धोक्याची घंटा ऐकून काय करायचे हे तिला उमगत नाही, किंवा ती उलट दिशेने चालू लागते. शरीराने सक्षम पण सुटकेच्या बाबतीत परावलंबी अशा व्यक्तीचा विचार संहितेच्या मूळ उपगटांत झालेला दिसत नाही. भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात मांडला गेला. त्यामुळे ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

उपगट बदलला की आकडेही बदलतात. निवासी घरासाठी संहितेने १ मीटर रुंदीचा जिना पुरेसा मानला आहे, तर रुग्णालयासारख्या संस्थात्मक इमारतीला २ मीटर लागतो. जिन्यावरून एक माणूस खाली उतरतो एवढेच घरात गृहीत असते. संस्थेत मात्र खुर्चीतून किंवा झोळीतून माणूस वाहून न्यावा लागतो आणि त्याच वेळी मदतीला येणाऱ्यांना वर चढावे लागते. अंथरुणाला खिळलेल्यांना जिन्याने खाली नेण्याऐवजी त्याच मजल्यावरील धूररोधक भिंतीपलीकडच्या भागात हलवावे, हे तत्त्वही संस्थात्मक गटातच लागू होते.

बंद दरवाजाचा पेच

स्मृतिभ्रंशाचे रुग्ण भटकत बाहेर जातात, म्हणून केंद्रचालक मुख्य दार बंद ठेवू पाहतात. संहितेचा सर्वसाधारण नियम याच्या विरुद्ध आहे: बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. कुलूपबंद खोल्यांची मुभा मुख्यतः ‘सी-३’ प्रकारच्या इमारतींना असून तेथेही सतत देखरेख अपेक्षित आहे.

कुलपाचा धोका काल्पनिक नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी मनोरुग्ण आश्रमाला आग लागली. तेथील अनेकांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. २८ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. दिल्लीतील ग्रेटर कैलास भागात १ जानेवारी २०२३ रोजी ज्येष्ठांच्या एका देखभाल केंद्राला लागलेल्या आगीत दोन वृद्ध महिला दगावल्या.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मुळे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती व दिशाभान यांच्या गंभीर विकारांचा समावेश आहे. मानसिक आजार असलेल्यांना ठेवून घेणाऱ्या आस्थापनेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक असते आणि साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. म्हणजे एकच केंद्र इमारतीच्या दृष्टीने वृद्धाश्रम, तर आरोग्य कायद्याच्या दृष्टीने मानसिक आरोग्य आस्थापना ठरू शकते. दोन्ही खात्यांच्या कागदांवरील नावे जुळतीलच असे नाही.

अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय इमारत संहितेने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तेथे सोळाहून अधिक रहिवाशांचे देखभाल निवास ‘आय-१’ गटात येते. २०१५ च्या आवृत्तीपासून या गटाचे दोन भाग झाले: विनामदत बाहेर पडू शकणारे रहिवासी, आणि तोंडी सूचना किंवा हाताला धरून नेण्याची गरज असणारे रहिवासी. नियंत्रित कुलपाला तेथे परवानगी मिळू शकते. पण आगीचा इशारा वाजताच किंवा वीज जाताच ते आपोआप उघडले पाहिजे. आजाराच्या नावाऐवजी सुटकेच्या क्षमतेवर वर्गीकरण बेतणे ही त्यातील अनुकरणीय बाब म्हणावी लागेल.

महाराष्ट्रातील नियम

मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यातील संस्थात्मक इमारतीच्या व्याख्येत वृद्ध व निराधारांच्या सांभाळाचा समावेश होतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करायचे असते.

विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिक गृहप्रकल्पांसाठी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. महारेराने २०२४ मध्ये किमान निकष ठरवून दिले. किमान ९०० मिलिमीटर रुंद दरवाजे, चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे यांचा त्यांत समावेश आहे. हे निकष प्रवर्तकाने विकलेल्या घरांसाठी आहेत. भाड्याच्या बंगल्यात चालणाऱ्या आश्रमापर्यंत ते पोहोचत नाहीत.

सिंधुदुर्गातील स्थिती

जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. मुंबईकडे जाणारे चाकरमानी आणि गावी राहिलेले आईवडील हे येथील जुने चित्र आहे. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात कुडाळ तालुक्यातील पणदूर येथील संविता आश्रमासारख्या स्वयंसेवी संस्था निराधारांना आसरा देतात.

मालवण, वेंगुर्ले, देवगड परिसरातील जुन्या घराचा वृद्धाश्रमासाठी वापर करायचा झाल्यास वापर बदलाची परवानगी घ्यावी लागते आणि घर संस्थात्मक गटाच्या कसोटीवर उतरावे लागते. चिऱ्याच्या भिंती आगीला चांगल्या टिकतात. लाकडी माडी, तिच्याकडे जाणारा अरुंद खडा जिना, उंच उंबरठे आणि आतून अडसर लावण्याची दारे मात्र या कसोटीत बसत नाहीत. पडवी व खळ्यामुळे तळमजल्यावरून थेट उघड्यावर येता येते. त्यामुळे निवास तळमजल्यापुरता ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. ग्रामपंचायत हद्दीत बहुधा स्वतःचे अग्निशमन दल नसते आणि बंब नगरपरिषदेच्या गावातून यावा लागतो. त्यामुळे रात्रपाळीला पुरेशी माणसे असणे हे येथे यंत्रणेइतकेच आवश्यक असते.

किनाऱ्यालगतच्या जागेला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंधही लागू होतात. मालवणचा समावेश अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात जिल्ह्यातील अनेक गावांचा वीजपुरवठा काही दिवस खंडित झाला होता. वीज गेल्यावर उघडणारी कुलपे, आपत्कालीन दिवे आणि प्राणवायू यंत्रे वापरणाऱ्या केंद्राला अशा प्रसंगी विद्युत जनित्राशिवाय पर्याय नसतो.