गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली

गोंडवाना विद्यापीठ हे महाराष्ट्र राज्यातील गडचिरोली येथे असलेले राज्य विद्यापीठ आहे. विदर्भाच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. २०११ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे विभाजन करून त्याची स्थापना करण्यात आली. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे २५ हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश मोठ्या प्रमाणात वनाच्छादित आहे. गोंड, माडिया, परधान इत्यादी आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. दुर्गम भागातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण आपल्या जिल्ह्यात मिळावे, हा विद्यापीठाच्या स्थापनेमागील मुख्य हेतू होता.

नावाची व्युत्पत्ती

मध्य भारतातील ज्या भूभागावर गोंड राजांची सत्ता होती, तो भूभाग ‘गोंडवन’ किंवा ‘गोंडवाना’ या नावाने ओळखला जातो. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर ही त्यांपैकी एका गोंड राज्याची राजधानी होती. सिरपूर, बल्लारपूर आणि शेवटी चंद्रपूर असा या राजधानीचा प्रवास झाला. अठराव्या शतकाच्या मध्यास हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या आणि १८५४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले.

हेच नाव भूशास्त्रातही रूढ आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातील दगडी कोळसा असलेल्या खडकांच्या समूहाला ‘गोंडवाना’ हे नाव देण्यात आले. पुढे ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडवर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडील प्राचीन महाखंडास ‘गोंडवानालँड’ असे संबोधले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे भूभाग एकेकाळी या महाखंडाचे घटक होते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोळशाच्या खाणी याच गोंडवाना खडकांत आहेत.

पार्श्वभूमी

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. विदर्भातील महाविद्यालये दीर्घकाळ याच विद्यापीठाशी संलग्न होती. १९८३ मध्ये अमरावती येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर पश्चिम विदर्भाचा भार कमी झाला, परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली नागपूरकडेच राहिले. गडचिरोली हा जिल्हा स्वतः २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला होता.

गडचिरोली शहरापासून नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण गडचिरोलीपासूनच २०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. गुणपत्रिकेतील दुरुस्ती, स्थलांतर प्रमाणपत्र किंवा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज अशा कामांसाठी नागपूरला जाण्यात विद्यार्थ्याचे दोन-तीन दिवस सहज जात. त्यातच पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यामुळे येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठाचे अंतर हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. शिक्षण पुढे चालू राहणार की अर्धवट सुटणार, हेही पुष्कळदा त्यावरच ठरत असे.

स्थापना आणि वाटचाल

राज्य शासनाने सप्टेंबर २०११ मध्ये अधिसूचना काढून गोंडवाना विद्यापीठाची स्थापना केली. २ ऑक्टोबर २०११ पासून विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नव्या विद्यापीठाकडे वर्ग झाली. विद्यापीठाशी दोनशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. त्यांपैकी बरीच महाविद्यालये विद्यापीठापेक्षा वयाने मोठी आहेत. बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीने वरोरा येथे १९६४ साली सुरू केलेले आनंदनिकेतन महाविद्यालय हे त्याचे ठळक उदाहरण होय.

डॉ. विजय आईंचवार हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. त्यांच्यानंतर डॉ. नामदेव कल्याणकर आणि डॉ. प्रशांत बोकारे यांनी हे पद सांभाळले. ५ जुलै २०२३ रोजी झालेल्या दहाव्या दीक्षान्त समारंभास राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उपस्थित होत्या. आदिवासी समाजातून आलेल्या देशाच्या पहिल्या राष्ट्रपतींनी आदिवासीबहुल जिल्ह्यातील विद्यापीठाच्या स्नातकांसमोर भाषण केल्यामुळे या समारंभास विशेष महत्त्व आले.

परिसर

विद्यापीठाचे मुख्य कार्यालय गडचिरोली शहरात एमआयडीसी मार्गावर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. जुन्या विद्यापीठांच्या परिसरात आढळणाऱ्या दगडी इमारती किंवा मनोरे येथे नाहीत. प्रशासकीय इमारत, पदव्युत्तर विभाग आणि ग्रंथालय असे त्याचे साधे स्वरूप आहे. जागेची वाढती गरज लक्षात घेऊन शहराजवळील अडपल्ली येथे विस्तृत परिसर उभारण्याचे ठरले.

अध्यापन आणि विस्तारकार्य

परिसरात इंग्रजी, गणित, इतिहास, समाजशास्त्र, वाणिज्य, उपयोजित अर्थशास्त्र, जनसंवाद, संगणकशास्त्र इत्यादी विषयांचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. विद्यापीठाचे स्वतःचे आदर्श पदवी महाविद्यालयही गडचिरोलीत आहे.

राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने विद्यापीठात विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र चालवले जाते. बांबू, अन्य वनोपज, शेती आणि हस्तकला यांवर आधारित उपजीविकेसाठी प्रशिक्षण व तंत्रसाहाय्य देणे हे या केंद्राचे कार्य आहे. वनहक्क कायदा (२००६) आणि पेसा कायदा (१९९६) यांमुळे येथील ग्रामसभांकडे जंगलाच्या व्यवस्थापनाचे अधिकार आले. वनोपजाचे मोजमाप, लिलाव, हिशेब आणि जमाखर्चाच्या नोंदी ही कामे आता गावकऱ्यांनाच करावी लागतात. त्यामुळे अशा प्रशिक्षणाची गरज वाढली आहे.

भाषेचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. मराठीखेरीज गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी या भाषा गडचिरोली जिल्ह्यात बोलल्या जातात. अनेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मराठी ही शाळेत शिकलेली, तर इंग्रजी ही त्यानंतरची भाषा असते. महाविद्यालय जवळ आल्याने प्रवासाचे अंतर घटते. घरची भाषा आणि पाठ्यपुस्तकाची भाषा यांतील अंतर मात्र तेवढ्याने कमी होत नाही.

नजीकची प्रेक्षणीय व अभ्यासनीय स्थळे

विद्यापीठाच्या परिसरात पर्यटनाची स्थळे नाहीत. तथापि येथून इतिहास, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांच्या अभ्यासासाठी उपयुक्त अशा अनेक ठिकाणांना भेट देता येते.

मार्कंडा: चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेला हा प्राचीन मंदिरसमूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. येथे नदी उत्तरवाहिनी होते. मंदिरांच्या भिंतींवरील शिल्पकामामुळे त्यास ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हटले जाते. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते.

मेंढा (लेखा): धानोरा तालुक्यातील या गोंड गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेण्याच्या पद्धतीमुळे देशभरातील अभ्यासक येथे येतात.

शोधग्राम: डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे केंद्र धानोरा मार्गावर आहे. नवजात बालकांच्या घरोघरी काळजीसंबंधी या संस्थेने केलेले संशोधन देशाच्या आरोग्य धोरणास उपयुक्त ठरले.

वैरागड: आरमोरी तालुक्यातील या गावी जुना भुईकोट किल्ला असून जवळच भंडारेश्वराचे मंदिर आहे.

वडधम: सिरोंचा तालुक्यातील या ठिकाणी जीवाश्म उद्यान आहे. याच तालुक्यातील कोटा या गावावरून ‘कोटा शैलसमूह’ हे नाव पडले असून त्यातील ज्युरासिक काळातील जीवाश्म जगभरातील अभ्यासकांना परिचित आहेत.

आलापल्ली आणि कमलापूर: ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे सागवानाचे जुने राखीव वन जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित आहे. कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे.

हेमलकसा: भामरागड तालुक्यातील लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला. त्याअंतर्गत रुग्णालय व निवासी शाळा चालवली जाते.

चंद्रपूर: गोंडकालीन परकोट व वेशी, महाकाली मंदिर आणि दीक्षाभूमी ही येथील प्रमुख स्थळे आहेत. १८५७-५८ च्या उठावातील वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या कारागृहात फाशी देण्यात आली. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले ताडोबा याच जिल्ह्यात आहे.

पोहोचण्याचे मार्ग

गडचिरोली शहर नागपूर व चंद्रपूरशी रस्त्याने जोडलेले असून एस.टी. बस हे प्रवासाचे मुख्य साधन आहे. चंद्रपूर सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. जिल्ह्यातील जुने रेल्वे स्थानक वडसा (देसाईगंज) येथे असून तेथून गडचिरोलीपर्यंत रेल्वेमार्गाचे काम हाती घेण्यात आले. सर्वात जवळचे मोठे विमानतळ नागपूर येथे आहे. दक्षिणेकडील तालुक्यांत जाण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा असतो; पावसाळ्यात तेथील रस्ते पुरामुळे बंद होतात.