ब्रश्ड की ब्रशलेस? रिमोटच्या गाडीसाठी मोटर निवडताना

घरातील मिक्सर अडखळू लागला की दुरुस्ती करणारा कारागीर 'कार्बन गेले' असे सांगतो. दुसरीकडे, कमी वीज खाणारे 'बीएलडीसी' पंखे आता शहरी घरांत सर्रास दिसू लागले आहेत. मिक्सरच्या मोटरमध्ये झिजणारे कार्बनचे ब्रश असतात, तर या पंख्यांच्या मोटरमध्ये ते नसतात. हाच फरक रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या हौशी मंडळींपुढे प्रश्न म्हणून उभा राहतो. मोटर ब्रश्ड घ्यावी की ब्रशलेस? 'ब्रशलेस केव्हाही चांगली' असे सरसकट सांगितले जाते. पण ते अर्धसत्य आहे. मोटर एकटी बदलत नाही. तिच्यामागोमाग वेगनियंत्रक, बहुधा बॅटरी आणि कित्येकदा गिअरही बदलावे लागतात. म्हणूनच निवड केवळ मोटरची नव्हे, तर संपूर्ण संचाची करावी लागते.

रचनेतील फरक

ब्रश्ड मोटरच्या डब्यात आतून स्थिर चुंबके बसवलेली असतात आणि तांब्याच्या तारेची वेटोळी मधल्या फिरत्या भागावर असतात. या वेटोळ्यांना वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे दोन ठोकळे, म्हणजेच ब्रश, कम्युटेटरवर दाबून धरलेले असतात. योग्य क्षणी विद्युतप्रवाहाची दिशा बदलण्याचे काम कम्युटेटर आपोआप करतो. ही रचना साधी आणि स्वस्त आहे. मात्र घर्षणाने ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात, उष्णता वाढते आणि रेडिओ संदेशात अडथळा येतो. तो कमी करण्यासाठीच अशा मोटरला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात.

ब्रशलेस मोटरमध्ये ही मांडणी उलटी असते. चुंबक फिरतो आणि वेटोळी जागेवर राहतात. प्रवाहाची दिशा बदलण्याचे काम बाहेरचा इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक करतो. त्यासाठी मोटरला दोनऐवजी तीन तारा असतात. अर्धवाहकांच्या साह्याने हे काम करणाऱ्या मोटरवरील शोधनिबंध विल्सन आणि ट्रिकी या संशोधकांनी १९६२ साली मांडला. १९८० च्या दशकात आलेली शक्तिशाली निओडिमियम चुंबके आणि पुढे स्वस्त होत गेलेली इलेक्ट्रॉनिक्स यांमुळे ही मोटर हौशी मंडळींच्या आवाक्यात आली. झिजणारा भाग जवळपास बेअरिंगपुरताच उरत असल्याने तिची देखभाल कमी असते आणि त्याच बॅटरीवर ती अधिक काम देते.

आकडे काय सांगतात?

ब्रश्ड मोटरवर 'टर्न' हा आकडा असतो. तो वेटोळ्यातील फेऱ्यांची संख्या दाखवतो. टर्न जितके कमी, तितका वेग जास्त. पण विजेची भूकही तितकीच मोठी. प्राथमिक संचांमध्ये आढळणारी '५४०' आकाराची मोटर साधारण २७ टर्नची असते. खडकांवरून सावकाश चढणाऱ्या 'क्रॉलर' गाड्यांसाठी ३५ ते ५५ टर्नच्या मोटरी वापरतात.

ब्रशलेस मोटरवर बहुधा 'केव्ही' लिहिलेले असते. हे किलोव्होल्ट नव्हेत. भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते, ते हा आकडा सांगतो. ३५०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर मिनिटाला सुमारे २५,९०० फेरे घेईल. केव्ही जास्त म्हणजे ताकद जास्त, हा समज चुकीचा आहे. वजनदार गाडीला अनेकदा कमी केव्हीची मोठी मोटरच मानवते.

वेगाची किंमत

फरक किती मोठा असू शकतो, हे अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीच्या 'स्लॅश' या लोकप्रिय गाडीवरून दिसते. कंपनीच्या दाव्यानुसार १२ टर्नच्या ब्रश्ड मोटरवर ही गाडी ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरचा वेग गाठते. ३५०० केव्हीच्या ब्रशलेस आवृत्तीचा दावा ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरचा आहे. मात्र त्यासाठी तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी आणि वेगळे गिअर लागतात. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. दोन किलोच्या आसपास वजनाची ही वस्तू सोसायटीच्या आवारात लहान मुलाच्या पायावर आदळली, तर तो खेळ राहत नाही. असा वेग मोकळ्या मैदानासाठीच योग्य ठरतो.

ब्रश्ड कोठे सरस?

क्रॉलर गाडीला वेग नव्हे, तर सावकाश आणि धक्का न देता निघणे हवे असते. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर येथे अडखळते. फिरताना निर्माण होणाऱ्या विद्युतदाबावरून नियंत्रक चुंबकाची स्थिती ओळखतो. मोटर थांबलेली असताना तो दाब नसतोच. सेन्सर असलेल्या मोटरमध्ये हा दोष बराचसा दूर होतो, पण खर्च वाढतो. ब्रश्ड मोटर स्वस्तात हे काम चोख करते. दहा-बारा वर्षांच्या मुलाची पहिली गाडी, मर्यादित खर्च, महिन्यातून एखादा रविवार, अशा वापरालाही तीच पुरेशी आहे. ब्रश संपले तरी नवी मोटर बसवण्याचा खर्च तुलनेने किरकोळ असतो.

बदल करण्यापूर्वी

ब्रश्ड गाडीचे रूपांतर करायचे असेल, तर चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, नियंत्रक. केवळ ब्रश्डसाठी बनवलेला नियंत्रक ब्रशलेस मोटर चालवू शकत नाही. दुसरी, बॅटरी. लिथियम पॉलिमरचा सेल ४.२ व्होल्टपेक्षा जास्त चार्ज झाला तर आगीचा धोका असतो आणि सुमारे ३ व्होल्टखाली उतरला तर तो खराब होतो. त्यामुळे योग्य चार्जर आणि ठरावीक दाबाला वीज तोडणारा नियंत्रक अत्यावश्यक आहे. असे सेल चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये. तिसरी, गिअर. मूळ मोटरच्या ताकदीनुसार बनवलेले प्लास्टिकचे दाते नव्या मोटरच्या झटक्याने तुटू शकतात. चौथी, उष्णता. सामान्य प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा सुमारे ८० अंश सेल्सिअस असते. ती ओलांडली तर त्यांची शक्ती कायमची घटू शकते. मोटर हात लावता येणार नाही इतकी तापत असेल, तर लहान पिनियन बसवून तिच्यावरील भार कमी करावा.

दर आठवड्याला मैदानात उतरणाऱ्या, वेगाची किंवा शर्यतीची आवड असलेल्या चालकाला ब्रशलेस संचाचा खर्च परवडतो. सुरुवातीचे पैसे दीर्घ आयुष्यातून आणि कमी देखभालीतून वसूल होतात. ज्यांची आवड अद्याप ठरायची आहे, त्यांनी ब्रश्डवर हात बसवावा. पहिल्या मोटरचे ब्रश झिजेपर्यंत आपल्याला वेग हवा आहे की नियंत्रण, याचे उत्तर बहुधा मिळालेले असते.