दुसऱ्या दारुड्याच्या शोधात

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. सहामाहीचे पेपर तपासत मी वर्गात एकटाच बसलो होतो. एका विद्यार्थ्याची आई दाराशी घुटमळत उभी राहिली. मुलाच्या गणिताविषयी दोन शब्द बोलली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, दारू सोडलेल्या माणसांची कुठंशी सभा भरते म्हणतात. तिचा पत्ता मिळेल का? ह्यांनी काल स्वतःहून विचारलं."

ते 'स्वतःहून' उच्चारताना तिचा आवाज कापला. पत्ता मी मिळवून दिला. पण तो शोधता शोधता त्या सभेचा इतिहासच हाती लागला.

दारुड्यांचे मंडळ म्हटले की आपल्याला गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तले आर्य मदिरा मंडळ आठवते. १९१९ साली रंगभूमीवर आलेले तळीरामाचे ते मंडळ पिणाऱ्याला आणखी पाजण्यासाठी होते. पिणाऱ्यांनीच न पिण्यासाठी एकत्र यावे, हा प्रयोग अमेरिकेत १८४० साली झाला. बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी दारूबंदीची शपथ घेतली. त्यांच्या वॉशिंग्टोनियन चळवळीत हजारो माणसे आली. पण ती सार्वजनिक वादांत शिरली आणि थोड्याच वर्षांत विझली.

पुढची गोष्ट १९३५ सालच्या मे महिन्यातली. ॲक्रन हे ओहायोतले टायरांच्या कारखान्यांचे गाव. न्यूयॉर्कचा बिल विल्सन तिथे एका व्यवहारासाठी आला होता. दारूने धुळीला मिळालेल्या या माणसाने डिसेंबर १९३४ मध्ये इस्पितळात दाखल होऊन दारू सोडली होती. त्यानंतर पाच महिने तो इतर दारुड्यांना उपदेश करीत हिंडला. एकही सुधारला नाही. तेव्हा त्याची पत्नी लोइस हिने त्याला एक गोष्ट दाखवून दिली : तो स्वतः तर कोरडा राहिला होता!

ॲक्रनचा व्यवहार फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता. खिशात जेमतेम दहा डॉलर. आणि एका टोकाच्या मद्यालयातून हसण्याचा गलबला कानी येत होता. वाचकहो, त्या क्षणी त्याला कळून चुकले की, आपल्याला वाचायचे असेल तर दुसरा दारुडा गाठला पाहिजे. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि चर्चांची यादी लावलेली होती. त्याने एका धर्मोपदेशकाला फोन केला, त्याने दिलेल्या नावांवर एकामागून एक फोन केले, आणि अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. बाईंच्या ओळखीत असा एक दारुडा होता.

तो होता डॉक्टर बॉब स्मिथ, व्यवसायाने शस्त्रवैद्य. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, तो बाईंकडे आला तो पंधरा मिनिटांच्या बोलीवर. उठला रात्री अकरानंतर! कारण बिलने या वेळी उपदेश केला नाही. फक्त स्वतःची कहाणी सांगितली. आजवर डॉक्टरला समजावणारे पुष्कळ भेटले होते. आपल्यासारखा पडलेला माणूस आपल्याच भाषेत बोलताना त्याने प्रथमच ऐकला.

तरी डॉक्टर आणखी एकदा घसरला. एका वैद्यक परिषदेला गेला आणि झिंगून परतला. त्याचा अखेरचा प्याला १० जून १९३५ चा. तो दिवस ही संघटना आपला जन्मदिवस मानते. त्याच महिन्यात दोघांनी इस्पितळातल्या खाटेवर तिसरा गाठला. तो वकील होता, गडकऱ्यांच्या सुधाकरासारखाच. सुधाकराला मात्र असे दोघे कधी भेटले नाहीत.

१९३९ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि त्याच्याच नावावरून संघटनेला 'अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस' हे नाव रूढ झाले. १९५१ साली लोइसने घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' ही स्वतंत्र संघटना उभी केली. कारण दारू एक जण पितो, भोगते सारे घर. १९५७ मध्ये ही सभा भारतात पोहोचली. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण काढले, त्याला पु. लं.चा हातभार लागला.

सभेचे नियम साधे. वर्गणी नाही, आडनाव विचारीत नाहीत, दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. बंद सभा फक्त पिणाऱ्यांसाठी. खुल्या सभेला घरच्यांनीही जावे. राजकारण आणि वाद यांना मज्जाव. वॉशिंग्टोनियनांना लागलेली ठेच इथे कामी आली. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाही. फक्त आजचा दिवस, आणि आज पहिला प्याला नाही. मुले घरी गेल्यावर एखाद्या शाळेच्या वर्गात, छोट्या बाकांवर मोठी माणसे बसून हा धडा गिरवतात, हे ऐकून माझ्यातल्या मास्तराला भरून आले.

त्या बाईंचे यजमान सभेला गेले. शिमग्याला घसरले; डॉक्टर बॉबची गोष्ट मी बाईंना सांगितली. ते पुन्हा गेले. यंदा सहामाहीच्या निकालाला बाई एकट्याच आल्या. माझ्या मनात चर्र झाले. ते ओळखून बाई हसल्या.

"तसं नाही गुरुजी. शेजारच्या चाळीतल्या एकाला घेऊन सभेला गेलेत. तो एकटा जायला भीत होता."