चालण्याजोगी मिश्र वस्ती : करमाड–शेंद्रा परिसर

घर, काम, शाळा, बाजार, दवाखाना ही रोजची ठिकाणे पायी जाण्याच्या अंतरावर राहतील अशा बेताने आखलेली नागरी वस्ती. तिची दोन अंगे आहेत. पहिले मिश्र जमीनवापर, म्हणजे एकाच भागात निवास, व्यापार, सेवा आणि निरुपद्रवी उद्योग यांना मुभा. दुसरे पादचाऱ्याला सोयीची रस्तारचना. यांपैकी एकावर भागत नाही. दुकान समोर असले तरी रस्ता ओलांडता येत नसेल, किंवा पदपथ ऐसपैस असला तरी त्यावरून जाण्याजोगे ठिकाणच नसेल, तर माणूस दुचाकीला किक मारतो. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या पूर्वेला असलेले करमाड आणि त्याच्या शिवारात उभी राहिलेली ऑरिक ही औद्योगिक नगरी यांमध्ये या दोन्ही उणिवा शेजारी शेजारी दिसतात. म्हणून नियोजनाच्या अभ्यासात हा परिसर उद्‌बोधक ठरतो.

स्थान : करमाड हे शहरापासून सुमारे २० ते २५ किमी. अंतरावर, जालना रस्त्यावरचे मोठे गाव. मनमाड–काचीगुडा लोहमार्गावर चिकलठाणा आणि बदनापूर यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. हा मार्ग १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने सुरू केला. शहर आणि करमाड यांच्या मधल्या पट्ट्यात चिकलठाण्याचा विमानतळ, चिकलठाणा औद्योगिक वसाहत आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) शेंद्रा वसाहत आहे. स्कोडा ऑटोचा मोटार कारखाना शेंद्र्यात २००१ साली सुरू झाला. ८ मे २०२० रोजी टाळेबंदीत जालन्याहून रुळांच्या कडेने गावाकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. त्या घटनेने हे नाव देशभर पोचले.

शहरातील पूर्वरूपे : या शहराला मिश्र वस्ती नवी नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने ते वसवले आणि नहर-ए-अंबरीने त्याला पाणी आणले. पुढे मोगल काळात सरदारांच्या नावाने पुरे वाढले. जयसिंगपुरा, पदमपुरा, कर्णपुरा ही नावे त्याची खूण आहेत. पुऱ्यात वाडा, प्रार्थनास्थळ, पाण्याची जागा, बाजार आणि कारागिरांची घरे जवळजवळ असत. हिमरू विणणाऱ्याचा माग घरातच असे. गुलमंडी, शहागंज, औरंगपुरा या भागांत आजही खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रीत टिकून आहे.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने त्या दशकात ‘नवीन औरंगाबाद’ उभारण्याचे काम हाती घेतले. एन-१ पासून पुढे क्रमांक दिलेल्या भागांत शाळा, मैदान आणि छोटे व्यापारी संकुल वस्तीतच ठेवले गेले. घरे मुख्यतः राहण्यासाठी होती, तरी रहिवाशांनी तळमजल्यांवर किराणा, पिठाची गिरणी, शिकवण्या, दवाखाने आणले. कॅनॉट आणि टीव्ही सेंटर ही तर शहराची नवी बाजारकेंद्रे झाली. आराखड्यात कमी पडलेले मिश्रण गरजेने भरून काढले, असे या वाढीचे वर्णन करता येईल.

पश्चिमेच्या वाळूज वसाहतीची वाट वेगळी होती. १९८० च्या दशकात बजाज ऑटोचा कारखाना आल्यावर कामगारांची वस्ती बजाजनगरात आणि रांजणगाव शेणपुंजीसारख्या गावांभोवती दाटली. उरलेले कामगार शहरातून कंपनी बसने पाळीला येत राहिले. पाळीच्या वेळा, बसचे थांबे आणि भाड्याची खोली यांनी येथील कामगारांचा दिवस आखला.

ऑरिक : दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील सुरुवातीच्या नगरींमध्ये शेंद्रा–बिडकीनचा, म्हणजेच ऑरिकचा, समावेश होतो. तिच्यासाठी २०१४ मध्ये औरंगाबाद इंडस्ट्रियल टाउनशिप लिमिटेड ही एमआयडीसी आणि केंद्राच्या औद्योगिक पट्टा न्यासाची संयुक्त कंपनी स्थापन झाली. पुढे तिचे नाव महाराष्ट्र इंडस्ट्रियल टाउनशिप लिमिटेड असे झाले. एकूण क्षेत्र सुमारे १०,००० एकर असून त्यापैकी सुमारे २,००० एकर शेंद्रा भागात, म्हणजे करमाड आणि लाडगावच्या शिवारात, आणि बाकीचे बिडकीनला आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नगरीचे आणि तिच्या ‘ऑरिक हॉल’ या प्रशासकीय इमारतीचे लोकार्पण झाले. दक्षिण कोरियाची ह्योसंग ही धागा बनवणारी कंपनी येथील पहिल्या मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक होय.

एकूण जमिनीपैकी सुमारे ६० टक्के उद्योगांसाठी आणि ४० टक्के निवास, व्यापार, संस्था व मोकळ्या जागांसाठी अशी मूळ विभागणी आहे. भूमिगत वाहिन्या, सांडपाण्याचा पुनर्वापर, पदपथ आणि सायकलमार्ग पायाभूत कामांतच धरले गेले. कामाला पायी जाता यावे हा या नगरीच्या कल्पनेचा जाहीर भाग आहे. प्रत्यक्षात कारखाने आधी आले आणि घरे मागे राहिली.

अंतराचे गणित : निवांत चालीने पाच मिनिटांत सुमारे ४०० मी. अंतर कापले जाते. अमेरिकन नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या शेजार-एककाची त्रिज्या याच्याच आसपास, पाव मैल, होती आणि तिच्या मध्यभागी शाळा होती. कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये पुढे आणलेली ‘पंधरा मिनिटांचे शहर’ ही कल्पना याच वळणाची. ४०० मी. त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर भरते. या मापाने शेंद्रा भागात साधारण १६ वर्तुळे बसतात. ६०–४० ची विभागणी येथे जशीच्या तशी धरली, तर उद्योगेतर जमीन सहा-साडेसहा वर्तुळांएवढी निघते. ही जमीन एका कोपऱ्यात सलग ठेवली तर दूरच्या कारखान्याचा कामगार पाच मिनिटांत पोचणार नाही. विखरून ठेवली तर शाळा आणि बाजार चालण्याइतकी माणसे एका ठिकाणी जमणार नाहीत. शिवाय प्रत्येक कारखान्याशेजारी घर बसवता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा अशी प्रतवारी लावली. यांतील पांढऱ्या आणि हिरव्या गटांतील कामे वस्तीजवळ शोभतात, लाल गटातील कामांना अंतर आणि झाडांचा पट्टा लागतो.

रस्ता, सावली आणि पाणी : भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार निवासी भागात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मी. आणि व्यापारी भागात २.५ मी. असावी, कडेचा दगड १५ सेंमी.पेक्षा उंच नसावा. मोकळी याचा अर्थ रोहित्र, खांब, फलक आणि उभ्या दुचाकी वगळून उरलेली. फेरीवाल्यांना हटवून ती मिळत नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घेणे अपेक्षित आहे. पहाटे पाळी सुटते तेव्हा जागे असणारे ठिकाण बहुधा चहाची टपरीच असते आणि तिच्यामुळे रस्ता सुरक्षित वाटतो. रस्त्यावर लोकांचा वावर हीच सुरक्षितता, हे जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या वस्त्यांवरून दाखवले होते.

मराठवाड्यात पारा एप्रिल–मेमध्ये ४० अंशांवर जातो. सावली नसेल तर पाच मिनिटांची वाटही टाळली जाते. रुंद रस्त्याच्या मध्यभागी लावलेल्या शोभेच्या झुडपांचा चालणाऱ्याला उपयोग नसतो. कडुनिंब, करंज यांसारखी झाडे पदपथालगत लागतात. पायी अंतरात बाजार चालण्यासाठी दाट वस्ती हवी आणि दाट वस्तीला पाणी हवे. पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून. शहराच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना नव्या वस्तीची घनता ठरवणे म्हणजे आधी पाण्याचा हिशेब मांडणे होय.

गावठाणाशी जोडणी : करमाडच्या गावठाणात किराणा दुकान, शाळा, मंदिर, स्थानक हे सारे चालीच्या टप्प्यात आहे, उणीव आहे ती पदपथांची आणि रस्ता ओलांडण्याच्या जागांची. जालना रस्त्यावरची अवजड वाहतूक गावाच्या कडेने नव्हे, त्याच्या रोजच्या जीवनातून जाते. ऑरिकची स्थिती नेमकी उलट आहे. तिथे पदपथ आहेत आणि त्यावरून चालणारे थोडे. म्हणून या परिसरातील नियोजनाचा मुख्य प्रश्न नवे केंद्र कुठे वसवावे हा नसून जुने केंद्र आणि नवे रस्ते कसे जोडावेत हा आहे. स्थानकापासून कारखान्यांच्या फाटकांपर्यंत सलग सावलीची वाट, महामार्गावर जमिनीलगतचे नियंत्रित ओलांडमार्ग आणि लोहमार्गाखालून पादचारी वाट ही त्याची किमान साधने होत. शेंद्रा कमंगर येथील मांगीरबाबाच्या यात्रेसारख्या दिवसांची गर्दीही या रस्त्यांना पेलावी लागते.

घरांचा भाव हा दुसरा दुवा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मी.पर्यंतच्या जमिनीला बिनशेती वापराची वाट सुकर होते. त्यापलीकडे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकण्याची या शहराची जुनी सवय आहे. २००१ चा गुंठेवारी अधिनियम अशा वस्त्या नियमित करण्यासाठी आला आणि २०२१ मधील दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. गुंठेवारीत घर स्वस्त पडते, कारण रस्ता, गटार आणि मैदान यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. पुढे तो महानगरपालिकेवर आणि रहिवाशांच्या पायांवर पडतो. कंत्राटी कामगाराला परवडेल अशी भाड्याची खोली आराखड्यातच ठेवली नाही, तर ती गुंठेवारीत किंवा शहरात सापडते आणि कंपनी बस चालू राहते.

मूल्यमापन : अशा वस्तीचे यश पदपथांच्या लांबीवरून मोजता येत नाही. दुसऱ्या पाळीला जाणारी बाई मुलाला शाळेत सोडून, वाटेत भाजी घेऊन, पायी कामावर पोचते का, ही येथील खरी कसोटी होय. त्यासाठी लागणारे बरेचसे या परिसरात आज आहे, पण ते रेल्वेच्या आणि महामार्गाच्या दोन बाजूंना वाटले गेले आहे.